अकरा वाजता शाळा आटोपली म्हणे!

पाटीपेन्सिल:
परवा एका ताईंनी ‘आमच्या ख्रिस्ती होमस्कूलिंगचा एक आठवडा’ टाकला होता. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मुलगा आठ वर्षांचा, नऊ वाजता प्रार्थना, मग बायबलमधल्या २३ व्या स्तोत्राचं पाठांतर, मग गणित, वाचन, आणि अकराला शाळा आटोपली, दुपारभर हुंदडणं. मंगळवारी नोहा, म्हणजे बायबलमधल्या महापुरात तारू (मोठं जहाज) बांधणारा, बुधवारी परत नोहा (गणितात!), गुरुवारी निर्मितीच्या सहा दिवसांची चित्रं रंगवली आणि त्याला म्हणे विज्ञान. शुक्रवारी चर्चमधल्या इतर घरशिक्या पोरांना भेटणं. इथपर्यंत मी गप्प बसले असते हो. पण शेवटी ठेवून दिलीच, की शाळेत पाठवणारे पालक देवानं दिलेलं लेकरू परक्यांच्या ओटीत टाकतात. हे वाचून मी रात्री भांडी घासता घासता एकटीच बडबडत होते.

मी ख्रिस्तीच आहे, अकरा वर्षं चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल घेतलंय, माझी दोन्ही मुलं शाळेत गेली आणि त्यांची श्रद्धा काही तिथं दप्तरातून सांडली नाही. संडे स्कूल तरी कशासाठी सुरू झालं? १७८० साली इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं गरिबांच्या पोरांना वाचायला शिकवायला घेतलं, रविवारी, कारण बाकीचे दिवस ती पोरं कामाला जुंपलेली. म्हणजे आपल्याच लोकांनी परक्यांच्या लेकरांना अक्षरं दिली ना? मग आता परके म्हणजे कोण? घरी शिकवा, मूल तुमचं आहे. पण वर्कशीटच्या कोपऱ्यात कबुतर चिकटवलं म्हणून ते ख्रिस्ती शिक्षण होत नाही.

तारवातली:
ती पोस्टवाली मीच. ‘परक्यांच्या ओटीत’ मागे घेते, दमून लिहिलं होतं. बाकीचं एक अक्षर मागे घेत नाही.

बुधवारच्या नोहाला तुम्ही कंसात टाकून हसलात, पण केलं काय ते विचारलं नाहीत. तारू ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. लेकानं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरी लावून स्वतःचा हात मोजला, ३४ सेंटीमीटर. माझा ४३. दोन्हीला ३०० नं गुणलं. त्याच्या हातानं तारू १०२ मीटर झालं, माझ्या हातानं १२९. पेन्सिल चावत बसला थोडा वेळ, मग विचारतो, आई, मग नोहाचा हात केवढा होता? त्यावर अर्धा तास गेला आमचा. वीत कशी मोजतात, सगळ्यांचं माप एकच का लागतं, मीटरची गरज का पडली. हे तीस पोरांच्या वर्गात करून दाखवा मला. अकराला आटोपतं कारण हजेरी नाही, रांग नाही, ‘गप्प बसा’ नाही. इंग्लंडातल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन बाई शंभर वर्षांपूर्वी सांगून गेल्यात की लहान मुलाचा धडा पंधरा-वीस मिनिटांच्या वर ताणू नका आणि दुपार उघड्यावर जाऊ द्या.

तिरकस_काका:
मेसन बाईंचं नाव निघालंच, वाटच बघत होतो. त्या बाईंनी १८९२ मध्ये इंग्लंडातल्या अँबलसाइडला काय काढलं माहितीय? घरोघरी मुलांना शिकवायला जाणाऱ्या बायकांना तयार करायची संस्था. म्हणजे शिकवणं आधी शिकावं लागतं हे त्यांना पटलेलं होतं. इथे बाळंतपण झालं की डिग्री हातात. बाकी हाताचा धडा चांगला होता, मान्य, पण तो एक बुधवार झाला, वर्षाचे बाकीचे बुधवार काय?

आणि हो, अमेरिकेत पन्नासही राज्यांत हे कायदेशीर आहे म्हणून जगभर असेल असं समजू नका. जर्मनीत नाही चालत. एक ख्रिस्ती कुटुंब धर्माचं कारण घेऊन थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं होतं, २००६ मध्ये तिथूनही हात हलवत परत आलं.

उरलेला_अपूर्णांक:
मी बारा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकलो, ख्रिस्ती घर, सेम टाइमटेबल. आईला अपूर्णांकांची धास्ती होती. पुस्तकात ते पान आलं की ती म्हणायची आधी मागचं पक्कं करूया, आणि आम्ही परत वजाबाकीवर. माझ्या वहीत वजाबाकी तीनदा आहे. पुढे शाळेत घातलं तेव्हा फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश होतं, मी हात वर करून ठणठणीत आवाजात दोन पंचमांश सांगितलं. वर्ग हसला ते अजून ऐकू येतं.

पण हेही सांगतो की आठव्या वर्षी मी जाडजूड पुस्तकं वाचत होतो आणि मोठ्यांशी बोलताना कधी ततपप झालं नाही. आईवर राग नाही माझा. तिला विचारायला कुणी नव्हतं, चर्चमधल्या सगळ्या आया एकमेकींना ‘मस्त चाललंय’ एवढंच सांगायच्या.

रानजाई:
ते तारू आणि अपूर्णांक राहू द्या बाजूला, आठ वर्षांच्या पोराकडून स्तोत्रं घोकून घेता ह्यावर कुणीच कसं बोलत नाही? घोकंपट्टी ती घोकंपट्टी, देवाची असली म्हणून काय झालं.

पाटीपेन्सिल:
रानजाई, ह्यावर मी बोलू शकते. २३ वं स्तोत्र माझ्या वर्गात एका पोरीनं खडाखडा म्हटलं, एकही चूक नाही, बक्षीस दिलं. नंतर हळूच विचारते, टीचर, देवाला आकडी येते का? ‘तुझी आकडी व तुझी काठी’ ती फिट येण्याची आकडी समजून महिनाभर म्हणत होती! शेजारच्या काकांना आकडी यायची म्हणे, म्हणून तिला त्या ओळीची भीती वाटायची. धीर देणारी ओळ, आणि पोर घाबरून म्हणतेय. त्या दिवसापासून मी आधी मेंढपाळाची वाकड्या टोकाची काठी फळ्यावर काढते, मग पाठांतर.

कडक_इस्त्री:
म्हणजे चूक पाठांतराची नाही, तुमच्या शिकवण्याची होती. माझ्या आजीला शेवटची तीन वर्षं आम्हा कुणाची नावं आठवत नव्हती, मला ती पोस्टमन समजायची. पण स्तोत्राची पहिली ओळ म्हटली की पुढचं सगळं तिच्या तोंडून यायचं, सहाच्या सहा वचनं, लहानपणी घोकलेली. समजून पाठ करा म्हणणाऱ्यांनी सांगावं, तेव्हा तिला काय समजत होतं? तरी हात शांत व्हायचे तिचे.

तिरकस_काका:
झालं, वादात आजी आली की समोरच्यानं टोपी काढायची.

कडक_इस्त्री:
काका, माझ्या आजीवरून विनोद नको. तुमचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पोस्टखाली खवचटपणा करण्यात गेलं म्हणून सगळ्यांचं तसं नसतं.

तिरकस_काका:
आजीवर नाही बोललो, तुमच्या युक्तिवादावर बोललो. पण लागलं असेल तर सॉरी. मला स्वतःला एकोणतीसचा पाढा अजून येतो आणि बायकोचा वाढदिवस येत नाही, तेव्हा पाठांतराची ताकद मला सांगू नका.

रानजाई:
पाढे वेगळे, ते रोज लागतात.

कडक_इस्त्री:
आणि धीर रोज लागत नाही?

रानजाई:
लागतो, पण तो परीक्षा घेऊन देता येत नाही. मला लहानपणी वचन चुकलं की जेवायला उशिरा बसवायचे. आज पन्नाशीला आले, ते वचन कानावर पडलं तरी आधी पोटात खड्डा पडतो. तुमच्या आजीला जे मिळालं ते मला नाही मिळालं. बस.

कडक_इस्त्री:
हे आधी सांगायचं होतंत. ह्याचं समर्थन मी करत नाहीये.

तारवातली:
आमच्याकडे शिक्षा नाही, चुकलं तर दोघं मिळून परत म्हणतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तरी काय आहे, घरी बसता, वाटेनं चालता मुलांशी बोलत राहा.

पाटीपेन्सिल:
तेच म्हणतेय मी, चालता बोलता! तिथं टाइमटेबल कुठाय? आणि शाळेतून घरी चालत येतानाही वाट असतेच की. बरं तो गुरुवारचा रंगकाम-विज्ञानाचा विषय तुम्ही सोयीनं टाळलात.

तारवातली:
टाळला. गुरुवारी मला ताप होता, रंगपेटी दिली आणि आडवी झाले. शाळेत बाई आजारी पडल्या की बदली शिक्षक येतात, इथे मीच बदली. झालं समाधान?

पाटीपेन्सिल:
झालं थोडं. पोस्टमध्ये हे लिहिलं असतंत तर मी भांडलेच नसते.

उरलेला_अपूर्णांक:
ताई, अपूर्णांकांचं पान आलं की मला मेसेज करा. खरंच. फुकट शिकवतो.

तारवातली:
पुढच्या महिन्यात आहे ते पान. आणि आताच आकडी म्हणजे काय ते लेकाला विचारलं. म्हणाला, ज्याला टॉवेल अडकवतो ते.