शब्दचर्चा : ‘जलसंवर्धक’ की ‘राखणदार’?

प्रश्न : परिपाठात आदिवासी समाजांचा आणि त्यांनी जपलेल्या पाण्याचा गौरव करायचा आहे. मसुद्यात ‘देशी लोकांचा उत्सव आणि त्यांचे जलसंवर्धन’ असं आलंय, ते खटकतंय. उदाहरणं न्यूझीलंडमधल्या माओरी आणि उत्तर अमेरिकेतल्या अनिशिनाबे समाजांची आहेत.

— ‘उत्सव’ आधी काढा. दिवस साजरा होतो, माणसांचा गौरव होतो. ‘देशी’ गाय असते, बियाणं असतं. ‘मूलनिवासी’ अर्थाने जवळचा, पण त्याला मराठीत एका चळवळीचा संदर्भ चिकटलेला आहे. ९ ऑगस्टचा ‘जागतिक आदिवासी दिन’ रूढ आहे, तेव्हा ‘आदिवासी’च ठेवा. मात्र ‘आदिवासी लोक’ नको. संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या जाहीरनाम्यात व्यक्तींबरोबर समूहांचेही हक्क आहेत, आणि आपला ‘लोक’ वेगवेगळे समूह दाखवतच नाही. ‘आदिवासी समाज’ लिहा. ‘जमात’ टाळलेलं बरं, तो शब्द हेटाळणीनेही वापरला जातो.

— ‘संवर्धन’ म्हणजे वाढवणं. ‘जलसंधारण’ म्हटलं की चर आणि बांध डोळ्यांसमोर येतात. माओरी शब्द आहे ‘काइतिआकी’. ‘तिआकी’ म्हणजे जपणं, राखणं. ‘काइ’ हा कर्तृवाचक उपसर्ग. म्हणजे थेट ‘राखणदार’. त्याचंच भाववाचक रूप ‘काइतिआकितांगा’ न्यूझीलंडच्या १९९१च्या संसाधन व्यवस्थापन कायद्यातही आहे.

— ‘राखणदार’ला एक अडचण आहे. शेताची राखण करणारा मालकासाठी राखतो. व्हांगानुई नदीकाठच्या माओरींचं म्हणणं तर ‘मी नदी आहे, नदी मी आहे’ असं. २०१७च्या कायद्याने ही नदी कायदेशीर व्यक्ती ठरली. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात, एक सरकारकडून, एक नदीशी नातं असलेल्या माओरी समूहांकडून. इथे मालक कोण?

— कोकणातला ‘राखणदार’ आठवा! तो कुणाचा पगारी नाही, त्या जागेचं रक्षण करणारं दैवत आहे. काइतिआकीसुद्धा माणूसच असतो असं नाही. फक्त ‘पाण्याचे राखणदार’ नको, टाकीवरचा पहारेकरी वाटतो. ‘नदीचे राखणदार’ म्हणा.

— अनिशिनाबे उदाहरणातही एक जागा चुकेल. २००३मध्ये या समाजातल्या स्त्रियांनी उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराभोवती पाणी घेऊन पदयात्रा सुरू केली. ‘दिंडी’ म्हणू नका, वारीचं चित्र उभं राहतं. भांडं तांब्याचं, कडी धरून हातात न्यायचं, म्हणून ‘तांब्याची बादली’. ‘कळशी’ म्हटलं की मुलं कमरेवर घेतील. पण ‘तांब्याची’ ऐकून मुलांना पाणी प्यायचा तांब्या आठवतो, म्हणून निवेदनात ‘तांबे धातूची बादली’ म्हणा. त्यांच्या भाषेत पाणी म्हणजे ‘निबी’. हा शब्द तसाच उच्चारा आणि लगेच अर्थ सांगा.

— मग वाक्य असं : ‘आज आपण नदी-सरोवरांची राखण करणाऱ्या आदिवासी समाजांचा गौरव करत आहोत.’ ‘राखण करणाऱ्या’ हे वर्तमानातच ठेवा. ‘करत असत’ लिहिलं तर हे समाज आता उरलेच नाहीत, असं ऐकणाऱ्याला वाटेल.