कवयित्री की कवी? (पात्रित्सिया काव्हाल्लीच्या निमित्ताने)

पात्रित्सिया काव्हाल्ली या इटालियन बाईंवर छोटी नोट लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडलेय. 'समकालीन इटालियन कवयित्री' लिहू की 'कवी'? इटालियनमध्ये कवयित्रीला पोएतेस्सा शब्द आहे पण बऱ्याच जणींना तो नको असतो म्हणे. आणि कवयित्री की कवियित्री तेही सांगा एकदाचं.

प्रतिसाद १ :
आधी शुद्धलेखन उरकू. कवयित्रीच. 'कवि'ला शेपूट जोडलेलं नाहीये, संस्कृत 'कवयितृ'चं स्त्रीलिंग आहे ते. जळगावच्या विद्यापीठाच्या नावात बहिणाबाईंच्या आधी बरोबर छापलेलं असतं, आपणच पोस्टीत वाट लावतो.
पोएतेस्साची भानगड अशी की 'पोएता' (कवी) आकारान्त, म्हणजे तिकडे सहसा स्त्रीलिंगी दिसणारा, असून पुल्लिंगी आहे, पण आधी 'ला' हे स्त्रीलिंगी उपपद लावून नुसतं 'ला पोएता' म्हटलं तरी बाई होते, वेगळा शब्द लागतच नाही, मग एस्सा लावलं की हौशी बाई वगैरे वास येतो असं तिकडच्या काही जणींचं म्हणणं. तरी मिलानच्या आल्दा मेरीनीला लोक 'नाविल्यीची पोएतेस्सा' प्रेमानंच म्हणतात (नाविल्यी म्हणजे तिथले कालवे, ती त्यांच्या काठी राहायची).

प्रतिसाद २ :
माझं मत 'कवी'ला. काव्हाल्ली १९४७ ची, तोदी गावची, १९६८ ला रोमला आली. तिथे कादंबरीकार एल्सा मोरांतेने कविता दाखव म्हटलं तर हिने घाबरून कितीतरी दिवस लावले, मग मोरांतेने वाचून फोन केला की तू पोएता आहेस. एस्सा नाही! १९७४ ला पहिला संग्रह आला, 'माझ्या कविता जग बदलणार नाहीत', मोरांतेलाच अर्पण. त्यातली शीर्षकाची कविता मराठीत करून बघा. कुणीतरी म्हणतं तुझ्या कवितांनी जग काही बदलणार नाही, त्यावर ती, 'मी म्हणते हो तर, नाहीच बदलणार'. इटालियनमध्ये 'इओ रिस्पोन्दो' (शब्दशः मी उत्तर देते किंवा देतो) बाईचं की बाप्याचं कळत नाही, आपल्याकडे 'म्हणते' आलं की संपला विषय. क्रियापद एवढं काम करतंय तर नामाला कशाला ताण द्यायचा?
आणि समकालीन काढा हो ताई, जून २०२२ मध्ये गेली ती. शिवाय 'समकालीन' म्हणजे कुणाच्या, ते सांगावं लागतं.

प्रतिसाद ३ :
पटलं, पण पात्रित्सिया हे बाईचं नाव हे इथे किती जणांना माहितीये? शीर्षकात क्रियापद नसतं. तिथे कवयित्री लिहा, आत खुशाल कवी.