मावसभावाने किडनी दिली आणि त्याची बुडालेली मजुरी भरून दिली, तर ती विक्री ठरते का?

चौकस_सातारकर:
समजा, रुग्णाचा रक्तगट बी. आईवडील थकलेले, बायकोचा गट ए, म्हणजे जुळत नाही. मावसभाऊ आपणहून तयार आहे, पण तो गवंडीकाम करतो. ऑपरेशननंतर त्याची महिना-दीड महिन्याची मजुरी बुडणार. ती रुग्णाच्या घरच्यांनी दिली तर कायद्याने तो 'मोबदला' होतो का?
दुसरं असं की सर्जनला पैसे, हॉस्पिटलला पैसे, औषध कंपनीला पैसे, आणि ज्याच्या पोटावर सुरी चालते त्यानेच तेवढं फुकट द्यायचं, हा कुठला न्याय? इराणमध्ये रीतसर पैसे देतात म्हणे.

कलम_दोन:
बुडालेली मजुरी देता येते. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 'मोबदला' या शब्दाची व्याख्याच अशी केली आहे की अवयव काढणं, नेणं, जपून ठेवणं यांचा खर्च आणि दात्याचा थेट झालेला खर्च किंवा बुडालेली कमाई तिच्यात धरलेली नाही. अट एकच: रक्कम वाजवी हवी आणि तिचा दानाशी थेट संबंध दाखवता यायला हवा.
हिशोब असा करा. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तर दाता साधारण तीन ते पाच दिवसांत घरी येतो, पण सिमेंटची पाटी सहा आठवडे तरी उचलायची नाही. सहा आठवड्यांचे कामाचे 36 दिवस. रोज 800 रुपये धरले तर 28,800. त्यात तपासण्यांच्या फेऱ्यांचं भाडं. हा आकडा कागदावर मांडून प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीला आधीच सांगा आणि पैसे बँकेतून द्या. तीस हजारांच्या जागी तीन लाख दिले, तेही रोख, की त्याला भरपाई कोण म्हणेल? कलम 19 खाली पाच ते दहा वर्षं कैद आणि 20 लाख ते एक कोटी दंड आहे. देणारा, घेणारा, मधला दलाल, सगळेच त्यात येतात.
मावसभाऊ कायद्याच्या 'जवळच्या नातेवाइकां'त बसत नाही. त्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं आणि 2011च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा आणि नातवंडं, एवढेच. त्यामुळे प्रकरण या परवानगी देणाऱ्या, म्हणजे प्राधिकार समितीकडे जाईल. दात्याचा नमुना 3, दोघांचा मिळून अर्ज नमुना 11, दोघांच्या मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे, जुने एकत्र फोटो. मुलाखतीचं चित्रीकरण होतं आणि दात्याच्या घरच्या सज्ञान माणसालाही विचारतात.
अडतं कुठे, तर मावशीचं नातं सिद्ध करताना. दोघी बहिणींची आडनावं लग्नानंतर बदललेली, आधारवर नवऱ्याचं नाव. म्हणून दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले किंवा माहेरची जुनी रेशनकार्डं आधी शोधा. वडिलांचं नाव दोन्हीकडे एकच दिसलं पाहिजे. समितीने नाकारलं तर 30 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

नेफ्रो_निवृत्त:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. चेन्नईत किडनी विकलेल्या 305 जणांची पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. 96 टक्क्यांनी कर्ज फेडायला विकली होती. पण विकल्यानंतर घरचं सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं, बऱ्याच जणांच्या डोक्यावर कर्ज तसंच राहिलं आणि 86 टक्के म्हणाले की तब्येत बिघडली. दुसऱ्या कोणी किडनी विकावी का, असं विचारल्यावर 79 टक्के 'नको' म्हणाले.
किडनी एकदाच विकता येते, सावकार मात्र दर महिन्याला येतो. अंगमेहनतीवर पोट असणाऱ्याने शरीरच गहाण टाकलं की पुढची मजुरी आटते. फसवणूक झाली तर तक्रारही करता येत नाही, कारण पैसे घेणाराही गुन्हेगारच. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं.
इराणमध्ये 1988 पासून पद्धत आहे. सरकारी बक्षीस, वर्षभराचा मर्यादित विमा, शिवाय रुग्णाकडून ठरलेली रक्कम. परदेशी रुग्णाला इराणी माणसाची किडनी विकत मिळत नाही, ही त्यातली चांगली बाजू. पण तिथेही विकणारे बहुतेक गरीबच, आणि एका वर्षाचा विमा पुरत नाही. दात्याने आयुष्यभर वर्षातून एकदा तरी रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतलं प्रथिन तपासायला हवं.

माहेरवाशीण:
बाजार नको, मान्य. पण घरातलं दान नेहमी स्वखुशीचं असतं असं धरून चालू नका. जिवंत दात्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे काय आपोआप होतं? 'तुझ्या नवऱ्यासाठी एवढंही नाही?' यात पैसा नाही, दडपण आहे. दात्याशी एकट्याने, रुग्णाच्या माणसांना बाहेर बसवून बोललंच पाहिजे. ती मागे हटली तर डॉक्टरांनी घरच्यांना फक्त 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढंच सांगावं. अनेक ठिकाणी तसं करतातही. हा मावसभाऊ 'आपणहून' म्हणतोय, पण रुग्णाच्या घरच्यांचे उसने पैसे तर नाहीत ना त्याच्यावर?

चौकस_सातारकर:
उसन्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता. विचारायला हवं. मावसभावाशिवाय दुसरी वाट आहे का?

कलम_दोन:
आहे, स्वॅप, म्हणजे दोन जोड्यांनी दात्यांची अदलाबदल करायची. बायको ए, रुग्ण बी. याच्या उलट जोडी हवी: रुग्ण ए, दाता बी. दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक असावे लागतात आणि चारही ऑपरेशनं एकाच वेळी करतात, नाहीतर आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर दुसरा दाता माघार घेऊ शकतो. ए-बी जोड्या त्यातल्या त्यात लवकर जुळतात. रुग्ण ओ असता तर फार थांबावं लागलं असतं, कारण ओ गटाचा दाता बहुधा स्वतःच्याच रुग्णाला चालतो, मग तो स्वॅपमध्ये येईल कशाला?
सावध मात्र राहा. पुण्यात 2022 साली उघडकीस आलेलं प्रकरण स्वॅपचंच होतं. 15 लाखांचं आमिष दाखवून एका बाईला रुग्णाची 'बायको' म्हणून उभं केलं होतं. ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून तिने तोंड उघडलं, तेव्हा कळलं. समोरच्या जोडीचे कागद हॉस्पिटल तपासतंच, पण त्यांच्या घरी एकदा चहाला जाऊन या. आणि हे चालू असतानाच हॉस्पिटलमार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालून ठेवा. स्वॅप जुळेपर्यंत तिथला नंबर पुढे सरकत राहील.