एका सेलवर ३.३ व्होल्ट: बक-बूस्टच घ्या

पंचगंगाकाठ: पाणी चढायला लागलं की नदीकाठच्या मोटारी रातोरात वर काढाव्या लागतात. म्हणून जॅकवेलपाशी (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीपाशी) फ्लोट, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) आणि लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) असा पाण्याचा इशारा देणारा नोड बसवतोय. एक १८६५० लिथियम-आयन सेल, वर छोटं सोलर पॅनल. सेल ४.२ वरून ३.० पर्यंत उतरतो, मला कायम ३.३ पाहिजे. नुसता बक (व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर) शेवटाला कमी पडतो, नुसता बूस्ट (चढवणारा) भरलेल्या सेलवर चालत नाही. माझं ठाम मत: टीपीएस६३०२० सारखा दोन्ही करणारा बक-बूस्टच.

शिरोलीकर: नाही पटलं भावा. एलडीओची (व्होल्टेज फक्त उतरवणाऱ्या साध्या रेग्युलेटरची) एफिशियन्सी म्हणजे आउटपुट व्होल्टेज भागिले इनपुट व्होल्टेज. सेल ३.७ वर असताना ती ८९ टक्के होते; बक-बूस्ट तरी नव्वदीच्या आसपासच देणार. लोराचा झटका १२० मिलीअँपचा, वायफाय बंद. २५० मिलीअँपचा एमसीपी१७०० एलडीओ आरामात पुरतो आणि स्वतः फक्त १.६ मायक्रोअँप खातो. नोड जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो, हिशोब तिथला करायचा.

रंकाळाकर: एलडीओ म्हणून कुणी एएमएस१११७ लावू नका, एवढं कळकळीनं सांगतो. तो स्वतःच ५ मिलीअँपच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला १२० एमएएच (मिलीअँप-तास). २५०० चा सेल काहीही काम न करता तीन आठवड्यांत संपला.

पंचगंगाकाठ: झोपेचाच हिशोब करू. बक-बूस्टचे ५० मायक्रोअँप धरले तरी दिवसाला १.२ एमएएच. २५०० पुढं ते काहीच नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकतं, त्या दिवसांत ऊन कुठं असतं? सेल तळाला जातो तो नेमका तेव्हाच. शिवाय सेल जुना झाला की लोराच्या झटक्याला व्होल्टेज आणखी बसतो. मला तो शेवटचा थेंब हवाय.

शिरोलीकर: मग दुसरा सेल समांतर जोड की! क्षमता दुप्पट, झटका निम्मा निम्मा वाटला जातो. ईएसपी३२ ला ३.० तरी लागतात, एमसीपी१७०० पूर्ण लोडला ०.१८ व्होल्टच्या आसपास स्वतःवर घालवतो, म्हणजे सेल ३.२ ला येईपर्यंत काम चालू. त्याखाली लिथियम-आयनमध्ये फारसं काही उरतच नाही. त्या उरल्यासुरल्यासाठी इंडक्टर, लेआउट, रिपल (आउटपुटमधली लहर) हे सगळं कशाला ओढवून घ्यायचं?

रंकाळाकर: रिपलला उपाय आहे. टीपीएस६३०२० पॉवर-सेव्ह मोडमध्ये असला की तो वाढतो. सेलचा व्होल्टेज एडीसीनं (ईएसपी३२ च्या मोजणाऱ्या भागानं) मोजताना त्याची पीएस/सिंक पिन तेवढ्यापुरती हाय करा, म्हणजे तो मोड बंद होतो. इनपुट कपॅसिटर चिपला अगदी चिकटून, ब्रेडबोर्डवर अजिबात नको. मला भीती दुसरीच वाटते. हा बक-बूस्ट चिप १.८ व्होल्टपर्यंत ओढत राहतो, तोवर सेल मेलेला असतो. सेल फार उतरला की तोडणारं प्रोटेक्शन सर्किट हवंच. आणि समांतर जोडताना दोन्ही सेल आधी एकाच व्होल्टेजवर आणा, नाहीतर एकातून दुसऱ्यात जोरात करंट धावतो.

पंचगंगाकाठ: प्रोटेक्शन घालतो, दुसरा सेलही घेतो. पण रेग्युलेटर बक-बूस्टच. काठावरच्या चिखलात, अंधारात सेल बदलायला माझ्याच घरातलं कुणीतरी उतरणार आहे.

शिरोलीकर: दोन सेल घेतलेस तर एलडीओवर तो फेरा तसाही टळतो. माझं मत बदललेलं नाही.