एका दिवसात कित्तूर आणि नंदगड होईल का?

सातवीच्या बाई, बेळगाव: सहलीला दोन्ही उरकतील का हो? हेडमास्तर म्हणतात, सहाच्या आत परत.

खानापूरकर: उरकतील, बघून होणार नाहीत! कित्तूर सोडा, नंदगड-हलशी जोडा. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली, तिथला वड दाखवा. हलशीला कदंब राजांचं भूवराह-नरसिंह मंदिर. डबे तिथंच.

किल्ल्याजवळचा: बाई, आधी गावातलं बघा की. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची. छतातलं दगडी कमळ दाखवा, पोरं माना वर करून पाकळ्या मोजत बसतात. मग टिळकवाडीची काँग्रेस विहीर, १९२४ च्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली. गांधीजी अध्यक्ष होते.

सातवीच्या बाई: बस्तीच पक्की मग. फक्त बाहेर पडताना चपलांचे जोड जुळवायला माणूस लागेल!