मित्रासोबत भागीदारीत धंदा: तुमचे अनुभव लिहा

"मित्रासोबत धंदा करू नये" असं सांगणारे घरोघरी भेटतात. तरी छोटा धंदा काढायचा म्हटलं की माणसाला आधी मित्रच आठवतो. बँक तारण मागते, नातेवाईक सल्ले देतात, मित्र म्हणतो, "चल, करू." मी शाळेपासूनच्या मित्राबरोबर इलेक्ट्रिकल कामांचे ठेके घेतो आणि आमचं चांगलं चाललंय. पण आसपासच्या ज्या भागीदाऱ्या मोडताना पाहिल्या, त्यांत धंदा बुडाला म्हणून मोडलेल्या थोड्या होत्या. उचल कोणी किती केली आणि दुकानात कोण किती वेळ बसलं, यावरून मोडलेल्या कितीतरी जास्त. म्हणून हा धागा. उपदेश नको, घडलेलं लिहा. पैसा कोणी घातला, काम कोणी केलं, हिशेब कसा ठेवला, वेगळे झालात तर वाटणी कशी झाली. माणसांची आणि फर्मची नावं कृपया टाळा.

सुरुवात मी करतो. भांडवलात माझा वाटा मोठा होता, साइटवरचं काम मित्राकडे जास्त. नफ्यात मला आपोआप जास्त मिळणार, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो. आमच्या सीएंनी 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याचं कलम 13 वाचून दाखवलं. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर भांडवल कोणाचं कितीही असो, नफा-तोटा समान वाटायचा. जो राबतो त्याला त्या कामाचा पगारही मागता येत नाही. म्हणजे न बोलता राहिलो असतो तर दोघांवरही अन्याय झाला असता, त्याच्यावर एका तऱ्हेने, माझ्यावर दुसऱ्या. मग आम्ही लिहून काढलं: आधी दोघांच्या कामाचा ठरलेला मोबदला, मग भांडवलावर व्याज, आणि उरेल ते निम्मं-निम्मं. आजवर या एका कागदावरून आमच्यात आवाज चढलेला नाही.

छपाईच्या धंद्यातून

आमच्या गल्ल्याशेजारी भिंतीला एक मोठा खिळा होता. गल्ल्यातून पैसे घेतले की चिठ्ठी लिहून त्या खिळ्याला टोचायची, एवढीच आमची हिशेबाची पद्धत. पहिली काही वर्षं ती चालली. पुढे चिठ्ठ्यांवर नुसते आकडे यायला लागले, कशासाठी ते नाही. मग तारखा गेल्या. शेवटी शेवटी मित्र तोंडी सांगायचा, "लिहून ठेव रे माझ्या नावावर." तो चोर नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्याच्या घरी आजारपण होतं, पैसे लागत होते, आणि मागायला त्याला संकोच वाटायचा. मलाही विचारायला संकोच वाटायचा. त्या दोन संकोचांमध्ये धंदा अडकला.

दुसरी गोष्ट ओळखीच्या कामांची. त्याच्या पाहुण्यांची पत्रिका, माझ्या मेव्हण्याचं बिलबुक, सगळं "आपलंच आहे" म्हणून. कागद आपला नसतो, तो उधारीवर आणलेला असतो. प्लेटचे पैसे रोख जातात. वर्षअखेरीला मशीन भरपूर चाललेलं आणि खात्यात शिल्लक काही नाही, असं झालं तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे संशयाने पाहिलं. वेगळे झालो. मशीन त्याने ठेवलं, वसुली माझ्याकडे आली. लग्नकार्यात भेटतो, बोलतो. पण पूर्वी एकमेकांच्या घरी न विचारता जायचो, ते आता नाही.

शिवणकामाचं युनिट, दोघी मैत्रिणी

आमच्याकडे प्रश्न वेळेचा होता. सुरुवातीला दोघीही सकाळी यायच्या, संध्याकाळी जायच्या. माझं बाळंतपण आलं आणि पुढे बराच काळ मला अर्धा दिवसच जमेना. ती काही बोलली नाही, पण तिच्या सासूबाई बोलल्या, आणि ते माझ्या कानावर आलंच. मी सरळ तिच्याकडे गेले आणि विषय काढला. तिनेच तोडगा सुचवला, तो मला फार आवडला. इतर कारागीर बायकांना देतो तशीच दोघींनीही नगावर मजुरी घ्यायची. जिने जितकं शिवलं तितकं तिचं. कटिंग आणि गिऱ्हाईक सांभाळणं याचा वेगळा दर. ही सगळी मजुरी वजा जाऊन जो नफा राहील, तो अर्धा-अर्धा. मी कमी आले तर मला कमी मिळतं, तिच्या मनात सल राहत नाही, माझ्या मनात ओझं नाही.

आणि एक नियम दोघींच्या घरी सांगून टाकला. हिशेबाबद्दल काही म्हणायचं असेल तर आपापल्या माणसाशी म्हणा, दुसरीला कोणी फोन करायचा नाही. नवऱ्यांना सुरुवातीला राग आला. नंतर पटलं.

मोबाइल दुरुस्ती

पैसा माझा, हात त्याचा. बोर्डावरचं बारीक काम तो असं करायचा की लांबून गिऱ्हाईक यायचं. हळूहळू त्याला वाटायला लागलं की राबतो तो आणि अर्धा नफा नेतो मी. ते खोटंही नव्हतं. मला वाटायचं की स्पेअर पार्टमध्ये अडकलेला पैसा, जागेचं डिपॉझिट, बुडालं तर सगळं माझं जाणार. तेही खोटं नव्हतं. तो बाहेर पडला आणि त्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. मी चिडून वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितलं की बाहेर पडलेल्या भागीदाराला तसाच धंदा करायची मुभा आहे, जाहिरातही करता येते. फर्मचं नाव वापरायचं नाही आणि फर्मच्या जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे ओढायचं नाही, एवढं बंधन कलम 36 मध्ये आहे. पण गिऱ्हाईक आपणहून त्याच्या हाताच्या शोधात गेलं तर काय करणार? तुमच्यापैकी कोणी अशी, म्हणजे एकाचा पैसा आणि एकाचं कसब, भागीदारी करत असेल तर काही ठरावीक मुदत व अंतरापर्यंत तसाच धंदा करणार नाही, असा करार आधीच करा. वाजवी मर्यादेतला करार कायदा मान्य करतो.

वडिलांच्या भागीदाराबद्दल

हा अनुभव माझा नाही, वडिलांचा आहे. ते आणि त्यांचे मित्र हार्डवेअरचं दुकान चालवायचे. वडील अचानक गेले. आम्हाला धंद्यातलं काही ठाऊक नव्हतं. आई तर दुकानाची पायरी क्वचितच चढली होती. भागीदार गेला की, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर फर्म तिथेच विसर्जित होते, हे आम्हाला काकांनी सांगितलं. वडिलांच्या मित्राला आम्ही काकाच म्हणतो.

दिवसकार्य झाल्यावर ते रोजमेळ आणि खतावणी पिशवीत घालून घरी आले. आईला म्हणाले, "वहिनी, माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या ओळखीचा एखादा हिशेबनीस बोलवा." मग आम्ही दुकान बंद ठेवून मालाची मोजदाद केली. खिळे वजनावर, बिजागऱ्या डझनावर, रंगाचे डबे एकेक करून. गंजलेला माल त्यांनी स्वतः बाजूला काढला आणि तो आपल्या वाट्यात धरायला लावला. पैसा एकरकमी देणं त्यांना शक्य नव्हतं. हप्ते ठरले. हिशेब मिटेपर्यंत वारसांना एकतर त्यांच्या पैशातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा थकलेल्या रकमेवर वर्षाला 6 टक्के व्याज, यांतलं एक निवडता येतं, ही कलम 37 ची तरतूदही त्यांनीच आमच्यापुढे ठेवली. आईने व्याज घेतलं. शेवटचा हप्ता देऊन झाल्यावरही काका दर दिवाळीला येतात, आणि आई अजून त्यांना भावाच्या जागी मानते.

बाहेर पडताना

मी थोडक्यात लिहितो, कारण आठवून त्रास होतो. मित्राच्या फर्ममधून मी बाहेर पडलो, हात मिळवला, आपापसांत कागदही केला. पुरवठादारांना कोणी कळवलं नाही. त्यांनी पुढेही आम्हा दोघांच्या भरवशावर माल उधार दिला, आणि वसुलीला माझ्या दारात आले. जाहीर नोटीस दिलेली नसेल तर बाहेरच्यांसाठी जबाबदारी संपत नाही. नोंदणीकृत फर्म असेल तर निबंधकाला कळवायचं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापायचं. मित्राशी बोलणं झालं म्हणून हे टाळू नका.

आम्ही काहीच लिहिलेलं नाही

वरचं वाचून थोडं वेगळं सांगावंसं वाटलं. आमचा फर्निचरचा कारखाना दोघांचा, करार नाही, नोंदणी नाही, आणि केस पांढरे झाले तरी एकत्र आहोत. आम्ही रोज संध्याकाळी हिशेब करतो. आला किती, गेला किती, कोणी किती घेतला. दिव्याचं बटण बंद करण्याआधी दोघांनाही तो आकडा माहीत असतो. कागद लागला नाही.

धागाकर्ता: तुमचा रोजचा हिशेब हाच तुमचा करार आहे, आणि तो कित्येक नोटरी केलेल्या कागदांपेक्षा भक्कम आहे. फक्त नोंदणीचा विचार करा, मनापासून सांगतो. एखाद्या बिल्डरने तुमचे पैसे थकवले तर नोंदणी नसलेल्या फर्मला त्या करारापोटी कोर्टात दावा लावता येत नाही, कलम 69 आडवं येतं. तुमच्या दोघांतल्या विश्वासाचा तिथे संबंध नाही.

नव्याने सुरू करणारा: पुढच्या महिन्यात मित्राबरोबर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम काढतोय. दुकानातली टेबलं, अवजारं, जुने पार्ट त्याचे आहेत. ते भांडवल म्हणून धरायचे का?

छपाईवाला: धरा, पण आजच्या बाजारभावाने. यादी करा, प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहा, दोघांनी सह्या करा. भांडवलात धरायचं नसेल तर "वस्तू त्याची, वापर फर्मचा" असं स्पष्ट लिहा आणि भाडं ठरवा. आमच्या कटिंग मशीनचं हेच राहिलं होतं, आणि वेगळं होताना सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला.