स्प्लिटहून सात दिवस शिडाची यॉट: मार्ग कसा आखावा, कप्तान घ्यावा का?

प्रश्न

येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही सहा जण क्रोएशियातील स्प्लिट बंदरातून सात दिवसांसाठी शिडाची यॉट भाड्याने घेण्याच्या विचारात आहोत. आमच्यापैकी दोघांनी नौकानयनाचे प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवले आहे; मात्र आजवरचा सारा अनुभव प्रशिक्षकाच्या देखरेखीखालचा असून, अनोळखी खाडीत नांगर टाकून रात्र काढण्याचा प्रसंग आमच्यावर अद्याप आलेला नाही. ब्राच, ह्वार, व्हिस आणि कोर्चुला ही बेटे पाहत दुब्रोव्हनिकपर्यंत जाऊन परत यावे, असा कच्चा आराखडा केला आहे. हे एका आठवड्यात जमेल का, आणि सोबत कप्तान घ्यावा का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

दुब्रोव्हनिक या आराखड्यातून वगळावे, असे मी आग्रहाने सांगेन. स्प्लिटहून तिथवरचे अंतर एका बाजूने शंभराहून अधिक सागरी मैल आहे आणि शिडाची नौका ताशी पाच-सहा मैलांपुढे सहसा जात नाही. शिवाय सात दिवस हे कागदावरचे सात आहेत: नौका शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ताब्यात मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळी मूळ मरिनात (नौकांच्या बंदरात) परत आणावी लागते. म्हणजे हाती उरलेल्या सहा दिवसांत रोज सहा-सात तास नुसते चालतच राहावे लागेल, आणि एक दिवस वाऱ्याने अडवले तर सारे वेळापत्रक कोसळेल.

त्याऐवजी ब्राचवरील मिल्ना, मग व्हिस, तिथून ह्वारलगतची पाक्लेनी बेटे आणि ह्वारवरील स्टारी ग्राद असा फेरा घ्या आणि एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. व्हिसला एक रात्र तरी द्याच. युगोस्लाव्ह लष्कराच्या तळामुळे हे बेट 1989 पर्यंत परदेशी पर्यटकांना बंद होते, आणि तिथला निवांतपणा आजही जाणवतो.

मुक्काम मात्र नकाशा पाहून नव्हे, वारा पाहून ठरवावा. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून येणारा माएस्त्राल हा शिडांसाठी उत्तम वारा. तो बहुधा सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. 'बुरा' नावाचा वारा ईशान्येकडून, डोंगरांवरून अचानक कोसळतो, आणि व्हिस गावाची खाडी नेमकी त्याच दिशेला उघडी आहे. आग्नेयेकडचा युगो हळूहळू चढतो, पण लाटा मोठ्या उठवतो. पाक्लेनीच्या दक्षिण अंगाच्या एका खाडीत एकदा संध्याकाळी पाणी इतके स्तब्ध होते, की सात मीटर खोलीवर जेमतेम वीस मीटर साखळी सोडून आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास नाळेकडून (नौकेच्या पुढच्या टोकाकडून) साखळीचा खरखराट ऐकू येऊ लागला. वर येऊन पाहतो तर संध्याकाळी दूर दिसणारा खडक विजेरीच्या उजेडात स्पष्ट ओला दिसत होता. इंजिन लगेच सुरू झाले म्हणून निभावले. खोलीच्या निदान चौपट-पाचपट साखळी सोडावी आणि नांगर फिकट दिसणाऱ्या वाळूच्या पट्ट्यात टाकावा. गर्द दिसणाऱ्या सागरी गवतावर तो नीट रुतत नाही, आणि ते गवतही उपटले जाते.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. कप्तानाविषयी माझे मत असे, की निदान पहिले दोन-तीन दिवस तो अवश्य घ्यावा. त्याचे मानधन भाड्याव्यतिरिक्त असते, त्याच्या झोपण्याची सोय नौकेवरच करावी लागते आणि जेवण आपल्याकडे असते. तरीही धक्क्याला नौका लावण्याचे जे शिक्षण त्या दिवसांत मिळते, ते पुढे रोज उपयोगी पडते. या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी वरामा (नौकेची मागची बाजू) धक्क्याकडे करून नौका मागे घ्यावी लागते. धक्क्यावरचा माणूस समुद्रतळाशी बांधलेल्या दोराचे टोक हाती देतो आणि तो दोर नाळेपर्यंत नेऊन ताणून बांधायचा असतो. त्या क्षणी कोणी गडबडीत इंजिन चालू गतीत टाकले, तर दोर पंख्यात गुंतलाच म्हणून समजा.

कप्तानाशिवाय जायचे असल्यास क्रोएशियात नौका चालवण्याचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि व्हीएचएफ रेडिओ (नौकेवरील बिनतारी संदेशयंत्र) वापरण्याचा परवाना, ही दोन्ही कागदपत्रे लागतात. आपले प्रमाणपत्र तिथल्या मान्य यादीत आहे का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रतिसाद ३

नौका ताब्यात घेताना घाई करू नका. नांगराचे विद्युत-रहाट स्वतः चालवून पाहा, शिडे पूर्ण उघडून पाहा आणि बाहेरच्या प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र कंपनीच्या माणसासमोरच काढा. आम्ही ते केले नव्हते, आणि आधीपासून असलेल्या एका खरचटीपोटी आमच्या अनामत रकमेतून पैसे कापले गेले. शुक्रवारी दुपारी इंधनाच्या पंपावर नौकांची मोठी रांग लागते, तेव्हा टाकी भरण्यासाठी लवकर परता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुब्रोव्हनिक रद्द केले असून कप्तान पहिल्या तीन दिवसांसाठी घेत आहोत. व्हिसजवळच्या बिशेव्हो बेटावरील निळी गुहा याच फेऱ्यात बसेल का?

प्रतिसाद १

बसेल. मुक्काम व्हिसच्या पश्चिमेकडील कोमिझा गावी करावा, कारण तिथून बिशेव्हो अगदी समोर आहे. गुहेचे तोंड ठेंगणे असल्याने यॉट आत जात नाही. छोट्या होडीतूनच प्रवेश मिळतो. आतला निळा उजेड सकाळी अकरा ते बाराच्या सुमारास सर्वाधिक खुलतो. दक्षिणेकडून लाटा येत असतील तर होड्या आत सोडत नाहीत, आणि कोमिझाची खाडीही पश्चिमेला उघडी असल्याने लाटांची वळवळ आत शिरते. तसा अंदाज दिसला तर गुहेचा हट्ट न धरता थेट स्टारी ग्रादच्या खोल, सुरक्षित खाडीकडे निघा.